न जाणवणारा आजार आणि रोजची गोळी

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



शताब्दीनिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत इतिहास, संतवाङ्मय आणि नाट्यकला यांच्या पंगतीत एका डॉक्टरसाठीही पान मांडल्याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा आभारी आहे. ‘हृदय व रक्ताभिसरणाचे विकार आणि त्यांवरील औषधे’ असा विषय मला देण्यात आला. तो एका तासात मावणारा नाही. म्हणून त्यातील एकच प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. काहीही दुखत नसताना माणसाने रोज गोळी का घ्यावी, आणि ती आयुष्यभर का घ्यावी? वाढलेल्या रक्तदाबाच्या बाबतीत हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. त्याचे समाधानकारक उत्तर न मिळाल्यामुळे कितीतरी लोक औषध सोडून देतात आणि त्याची किंमत पुढे कुटुंब मोजते.

औषधाविषयीची आपली समजूत तापावर, खोकल्यावर आणि पोटदुखीवर घडलेली आहे. दुखणे येते, औषध घेतो, उतार पडतो, औषध थांबवतो. दुखण्याने औषधाची गरज पटते आणि उतार पडला की औषधाचा गुण पटतो. रक्तदाबाच्या गोळीला या दोन्ही साक्षी नाहीत. आजार जाणवत नाही, म्हणून औषधाची गरज पटत नाही. औषध घेतल्यावर बरे वाटत नाही, कारण आधी वाईट वाटतच नव्हते. उलट पहिले काही दिवस थकवा किंवा चक्कर जाणवली, तर ‘गोळीनेच आजारी पडलो’ असे वाटते. यात रुग्णाचा मूर्खपणा नाही. अनुभव त्याला जे शिकवतो त्याप्रमाणेच तो वागत असतो. या एका ठिकाणी मात्र अनुभवावर विसंबून चालत नाही, मोजमापावर विसंबावे लागते.

हे मोजमाप तसे फार जुने नाही. रक्त शरीरात फिरते हे विल्यम हार्वे यांनी १६२८ साली सिद्ध केले. त्यानंतर शंभर वर्षांनी स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीच्या धमनीत नळी बसवून तिला उंच काचनळी जोडली. रक्त त्या नळीत आठ फुटांहून अधिक उंच चढले. १७३३ साली हेल्सने हा प्रयोग प्रसिद्ध केला, पण माणसाची धमनी कापून दाब मोजणे शक्य नव्हते. दंडाला रबरी पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब वाचण्याची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये काढली. १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने पट्ट्याखालच्या धमनीवर श्रवणनळी ठेवून येणारे आवाज ऐकले. तेव्हापासून वरचा आणि खालचा असे दोन आकडे आपण सांगू लागलो. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब हा वरचा आकडा आणि दोन ठोक्यांमध्ये ते विसावते तेव्हाचा दाब हा खालचा.

‘बीपी वाढले की मला कळते, डोके जड होते,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. डोके जड असताना दाब मोजला तर तो कित्येकदा नेहमीसारखाच निघतो आणि दाब फार चढलेला असताना तोच गृहस्थ आरामात वर्तमानपत्र वाचत असतो. शरीराला वाढलेल्या दाबाची सवय होते. रक्तवाहिन्यांना मात्र ती मानवत नाही. अहोरात्र जास्त दाब सोसून त्यांचे आतले अस्तर बिघडते, भिंती जाड व ताठर होतात आणि तेथे मेदाचे थर साचू लागतात. हृदयाला अधिक जोराने रक्त ढकलावे लागते, त्यामुळे त्याचा डावा कप्पा जाड होतो आणि पुढे थकतो. मेंदूतील बारीक वाहिनी बंद पडते किंवा फुटते. मूत्रपिंडातील गाळण्या निकामी होतात. हे सारे दहा-वीस वर्षे नि:शब्दपणे चालते. मग एके सकाळी हात उचलत नाही, तोंड वाकडे होते आणि घरचे म्हणतात, ‘काल रात्रीपर्यंत अगदी ठणठणीत होते हो!’ तसे ते दिसत होते, एवढेच खरे.

हा अज्ञानाचा पडदा किती जाड होता, हे एका थोर माणसाच्या अखेरीवरून कळते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या दिमतीला त्या देशातील उत्तम वैद्यक होते. १९३७ मध्ये त्यांचा रक्तदाब १६२/९८ होता, मार्च १९४४ मध्ये तो १८६/१०८ झाला आणि हृदय थकल्याची चिन्हेही दिसू लागली. विश्रांती, मीठ कमी, गुंगीची औषधे आणि थकलेल्या हृदयासाठी डिजिटॅलिस, यापलीकडे डॉक्टरांजवळ काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी नोंदलेला दाब होता ३००/१९०. त्या काळी वाढलेला दाब ही शरीराची गरजच असावी, तो उतरवणे घातक ठरेल, असे मानणारे नामवंत वैद्यही होते. दुसऱ्या महायुद्धातील एका महासत्तेच्या प्रमुखाला जी गोळी मिळू शकली नाही, ती आज आपल्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते. ती टेबलाच्या खणात पडून राहते, ही आपल्या काळाची गोष्ट.

या गोळीच्या इतिहासात आपल्या मातीचाही वाटा आहे. बेळगावच्या पश्चिमेला उभ्या असलेल्या सह्याद्रीच्या दमट रानांत सर्पगंधा नावाचे लहानसे झुडूप उगवते. त्याचे मूळ वेडावर, निद्रानाशावर आणि सर्पदंशावर आपल्याकडे पूर्वापार दिले जाई. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाने मन शांत होते व चढलेला रक्तदाब उतरतो असे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी त्यातील काही द्रव्ये वेगळी केली आणि एका द्रव्याला हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ हे नाव दिले. तरीही पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे गेले नाही. ते वेधले मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९४९ साली त्यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर सर्पगंधेच्या मुळाचा काय परिणाम झाला, ते पद्धतशीरपणे मांडले. तो लेख वाचला गेला. बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी अमेरिकेत हे औषध वापरून पाहिले आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळातील मुख्य द्रव्य ‘रिसर्पिन’ वेगळे केले. डॉ. वकील यांना १९५७ साली लास्कर पारितोषिक मिळाले.

हे सांगताना एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ‘मग आपले मूळच का घेऊ नये?’ असा प्रश्न मनात येतो. प्रत्येक मुळात द्रव्याचे प्रमाण सारखे नसते, त्यामुळे मात्रा ठरत नाही. शिवाय रिसर्पिनने कित्येकांच्या मनावर औदासीन्याचे सावट येते, असेही अनुभवास आले. म्हणून अधिक निर्धोक औषधे आल्यावर ते मागे पडले. सर्पगंधेने रक्तदाब औषधाने उतरवता येतो हे जगाला दाखवून दिले, ही तिची थोरवी. बाजारातून मुळाची पूड आणून स्वत:वर प्रयोग करणे हा तिचा मान राखण्याचा मार्ग नव्हे.

दाब उतरवता येतो हे ठरले, पण तो उतरवल्याने माणूस वाचतो का, हा प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर १९६७ साली मिळाले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४३ पुरुष निवडले. त्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ यांच्या दरम्यान होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून ७३ जणांना खरे औषध आणि ७० जणांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. खऱ्या औषधांत तीन द्रव्ये होती आणि त्यांतील एक आपल्या सर्पगंधेचे रिसर्पिन होते. सुमारे दीड-दोन वर्षांत औषध नसलेल्या गटात २७ जणांना गंभीर इजा झाल्या, कोणाला मेंदूत रक्तस्राव, कोणाचे हृदय निकामी, तर कोणाची मूत्रपिंडे. त्यांपैकी चार जण दगावले. औषध घेणाऱ्या गटात असे प्रसंग फक्त दोन घडले आणि मृत्यू एकही नाही.

या अभ्यासातील एक बारकावा मला फार बोलका वाटतो. माणसे गोळ्या खरोखर घेतात की नाहीत हे ताडण्यासाठी संशोधकांनी गोळीत ब-२ जीवनसत्त्व मिसळले होते. ते लघवीतून बाहेर पडते आणि अतिनील प्रकाशात चमकते. अशी पारख करून, नियमाने गोळी घेणाऱ्यांनाच अभ्यासात प्रवेश दिला गेला. म्हणजे २७ आणि २ हे आकडे कपाटात ठेवलेल्या औषधाचे नाहीत, पोटात गेलेल्या औषधाचे आहेत.

आता त्या ७३ जणांपैकी एकाच्या जागी स्वत:ला ठेवून पाहा. दोन वर्षे त्याने गोळ्या घेतल्या. त्याला काय जाणवले? काहीच नाही. त्याचा अर्धांगवायू टळला असेल, पण तो टळला हे त्याला कधीही कळणार नाही. शेजारच्या वाचनकक्षात रोज इतकी वर्तमानपत्रे येतात, त्यांत झालेल्या अपघाताची बातमी असते, न झालेल्या अपघाताची कधी छापून येत नाही. रक्तदाबाच्या औषधाचे सारे यश अशा न छापलेल्या बातम्यांचे आहे. ते एका माणसाला दिसत नाही, शेकडो माणसे मोजली तरच दिसते. म्हणूनच ‘मला तर या गोळीचा काही गुण वाटत नाही’ हे वाक्य खरे असूनही त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरतो.

फ्रीस यांच्या काळापासून आजवर औषधे पुष्कळ सुधारली. लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकणारी थायाझाइड कुळातील औषधे १९५०च्या दशकाच्या अखेरीस आली, ती स्वस्त असून आजही उपयोगी आहेत. जेम्स ब्लॅक यांनी १९६४ मध्ये प्रोप्रॅनोलॉल पुढे आणले. ते हृदयाला ॲड्रेनालिनच्या चाबकापासून वाचवते. या कामाचा १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा होता. ब्राझीलमधील जराराका या विषारी सापाच्या विषात रक्तदाब उतरवणारे द्रव्य आहे, हे सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये दाखवले. त्याच धाग्यावरून स्क्विब कंपनीतील कुशमन आणि ओन्देत्ती यांनी प्रयोगशाळेत कॅप्टोप्रिल घडवले, त्याला १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ॲम्लोडिपिन रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायू सैल करते. चार औषधांच्या या चार वाटा आहेत. म्हणून डॉक्टर एकाच गोळीची मात्रा वाढवत नेण्याऐवजी पुष्कळदा दोन औषधे थोड्या थोड्या मात्रेत देतात. दोन गोळ्या लागल्या म्हणजे आजार दुप्पट झाला, असे समजू नये.

प्रत्येक औषधाचे काही उणे असते. कॅप्टोप्रिलच्या कुळातील गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो आणि गरोदरपणात ती औषधे चालत नाहीत. ॲम्लोडिपिनने घोट्याशी सूज येते. थायाझाइडने रक्तातील क्षार कमी होऊ शकतात. असे काही झाले तर गोळी बदलून मिळते. सोडून देणे हा त्यावरचा उपाय नाही. प्रोप्रॅनोलॉलच्या कुळातील गोळ्या तर एकाएकी कधीच थांबवू नयेत, तसे केल्यास नाडी आणि रक्तदाब उसळतात व छातीतील दुखणे बळावते.

रक्तदाबाच्या जोडीला ज्यांची नावे नेहमी निघतात त्या दोन औषधांविषयीही बोलले पाहिजे. जपानचे अकिरा एन्डो यांनी १९७०च्या दशकात एका बुरशीतून कोलेस्टेरॉल घटवणारे पहिले स्टॅटिन मिळवले. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे साडेपाच वर्षांत गोळी न मिळालेल्या गटात २५६ आणि स्टॅटिन घेणाऱ्या गटात १८२ मृत्यू झाले. हेही न जाणवणाऱ्या औषधाचेच यश. ॲस्पिरिनची गोष्ट थोडी वेगळी आहे. हृदयविकाराच्या झटक्यात आणि त्यानंतर ते प्राण वाचवते, हे १९८८ मध्ये सतरा हजारांहून अधिक रुग्णांवरील अभ्यासाने दाखवले. पण ज्यांना असा विकार कधी झालेलाच नाही, त्यांनी ‘असू द्यावे’ म्हणून ते रोज घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि फायदा फारसा होत नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांतून दिसले. म्हणजे शेजारी घेतो म्हणून घ्यायचे नाही, आणि स्वत:ला लिहून दिलेले सोडायचे नाही. दोन्ही बाजूंचे पथ्य सारखेच महत्त्वाचे.

आता व्याख्यानानंतर हमखास विचारल्या जाणाऱ्या शंका आधीच घेतो. पहिली, ‘एकदा गोळी सुरू केली की सवय लागते.’ चष्म्याची सवय लागते म्हणतात तितपतच हे खरे. चष्मा काढला की पूर्वीइतकेच अंधुक दिसते, गोळी थांबवली की पूर्वीचा दाब परत येतो. दुसरी, ‘आता बीपी नॉर्मल आले, मग गोळी कशाला?’ ते गोळीमुळे आले आहे. छत्रीखाली आपण कोरडे आहोत म्हणून पाऊस थांबला असे नव्हे. वजन उतरले, मीठ कमी झाले, चालणे वाढले, तर मात्रा कमी होऊ शकते, पण ती मोजून आणि डॉक्टरांच्या विचाराने. तिसरी, ‘गोळ्यांनी किडन्या खराब होतात.’ वाढलेला दाबच मूत्रपिंडे निकामी करतो, त्यांच्या रक्षणासाठीच ही औषधे असतात. नियमित रक्ततपासणी मात्र हवी. मूत्रपिंडांना खरे भय असते ते गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे. आणि चौथी शंका घरातील वृद्धांची, ‘आता ऐंशी उलटली, आता काय करायची औषधे?’ ऐंशी वर्षांवरील ३,८४५ जणांवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाले आणि फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला.

काही साध्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. चहा, तंबाखू आणि जिना चढणे त्याच्या अर्धा तास आधी टाळावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या उंचीवर असावा. एका आकड्यावरून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये, तारखेसह नोंदींची वही ठेवावी आणि तीच डॉक्टरांना दाखवावी. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे एक लहान चमचा, आणि त्यात लोणचे, पापड व फरसाणातले मीठही आले. लग्नाला, यात्रेला निघताना गोळ्या पिशवीत आधी ठेवाव्यात. एखाद्या दिवशी विसरल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नयेत. खर्चाची अडचण असेल तर ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. मूळ नावाने मिळणारी स्वस्त औषधे उपलब्ध आहेत, संकोचाने गोळी दिवसाआड करण्यापेक्षा ते कितीतरी बरे. आणि छातीत दडपण येऊन घाम फुटला, किंवा एकाएकी बोलणे अडखळले, हात लुळा पडला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तत्काळ रुग्णालय गाठावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगातील उच्च रक्तदाबाच्या दर पाच रुग्णांपैकी चौघांना पुरेसे उपचार मिळत नाहीत. यात औषधाची वाण असलेले आहेत, तसेच औषध घरात असून न घेणारेही आहेत. पहिल्यांसाठी सरकारने आणि समाजाने झटले पाहिजे. दुसऱ्यांसाठी गरज आहे ती समजुतीची, आणि समजूत वाढवणे हे तर ग्रंथालयाचेच काम आहे. वाचनकक्षात एक रक्तदाबमापक ठेवून आठवड्यातून एक सकाळ त्यासाठी द्यावी, अशी माझी कार्यकारी मंडळाला नम्र सूचना आहे. सभासद पुस्तक बदलायला येतो तेव्हा आपला आकडाही पाहून जाईल.

शंभर वर्षांच्या या संस्थेच्या इतिहासात समारंभाचे दिवस थोडे आणि नुसते दार उघडून दिवा लावण्याचे, पुस्तके जागेवर ठेवण्याचे दिवस हजारो असणार. त्यांपैकी कोणत्याही एका दिवसाने शताब्दी झाली, असे म्हणता येत नाही. ते दिवस सुटले असते तर मात्र आज आपण येथे जमलो नसतो. रोजच्या गोळीचेही तसेच आहे. उद्या सकाळी ती घेताना काही जाणवले नाही, तर ते औषधाचे अपयश समजू नये.